एईएसए रडार म्हणजे नुसतं न फिरणारं रडार, एवढंच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राफेलचं रडार एईएसए (अ‍ॅक्टिव्ह इलेक्ट्रॉनिकली स्कॅन्ड अ‍ॅरे, म्हणजे किरण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळवणारी, अनेक अँटेनांची 'सक्रिय' मांडणी) प्रकारचं आहे; त्याचा अँटेना हलत नाही, तरी ते आजूबाजूला पाहतं कसं? आणि त्याचा फायदा फक्त मोटर वाचण्याचा का?

मोटर वाचते, पण तो त्यातला सगळ्यात किरकोळ फायदा आहे. मी ठाण्यात राहतो. महाप्याच्या एमआयडीसीत बरीच वर्षं मायक्रोवेव्ह अ‍ॅम्प्लिफायर जुळवण्याचं आणि तपासण्याचं काम केलं. ते टेलिकॉमसाठी होतं, विमानांसाठी नव्हे. पण लहरींचे नियम दोन्हीकडे तेच.

आधी रडारच्या लहरींचा किरण वळतो कसा ते सांगतो. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत लेझमीची आडवी रांग कोपऱ्यावर वळताना पाहा. आतल्या बाजूची मुलं जागच्या जागी पाय वाजवत थांबतात, बाहेरची लांब टांगा टाकतात आणि अख्खी रांग वळते. रांगेला धरून कोणी फिरवत नाही. या रडारच्या सपाट तबकडीवर असेच शेकडो छोटे अँटेना ओळीने बसवलेले असतात. एका बाजूच्या अँटेनांनी लहर किंचित उशिरा सोडली की एकत्र झालेली लहर त्याच, उशीर केलेल्या बाजूला वळते.

हा उशीर किती, ते मोजून पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. लढाऊ विमानांची रडार साधारण 10 गिगाहर्ट्‌झच्या आसपास काम करतात. म्हणजे तरंगलांबी 3 सेंटिमीटर आणि दोन अँटेनांमधलं अंतर त्याच्या निम्मं, 1.5 सेंटिमीटर. किरण 30 अंश वळवायचा तर शेजारच्या अँटेनांमध्ये 0.75 सेंटिमीटरचा, म्हणजे पाव लहरीचा फरक ठेवायचा. वेळेत तो 25 पिकोसेकंद भरतो. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. हा हिशोब बदलला की किरण दुसरीकडे, आणि तबकडी जागची हललेलीही नाही.

आता एईएसएमधल्या 'सक्रिय' या शब्दाकडे येऊ. आपल्या सुखोई-30 एमकेआयचं बार्स रडारही इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच किरण वळवतं, पण ते निष्क्रिय प्रकारातलं. तिथे एकच मोठी ट्रान्समीटर नळी असते आणि तिची शक्ती सगळ्या अँटेनांना वाटली जाते. वाटेत थोडी शक्ती वाया जाते आणि नळी गेली तर सगळंच बंद. 1981 मध्ये सेवेत आलेल्या मिग-31 या सोव्हिएत लढाऊ विमानाचं झास्लोन रडार याच जातीचं. सक्रिय प्रकारात प्रत्येक अँटेनामागे स्वतःचं मॉड्यूल असतं. लहर पाठवताना जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायर त्यातच, आणि परत आलेला क्षीण प्रतिध्वनी तिथल्या तिथे मोठा करणारा दुसरा अ‍ॅम्प्लिफायरही त्यातच. मला विचाराल तर हा दुसरा जास्त मोलाचा, कारण प्रतिध्वनी तारांमधून जाताना आणखी विरण्याआधीच तो उचलला जातो. शिवाय दहा-वीस मॉड्यूल बिघडली तरी रडार काम करत राहतं.

वैमानिकाच्या हाती मात्र सगळ्यात जास्त लागतो तो वेळ. यांत्रिक अँटेनाला एक झाडा घ्यायला काही सेकंद लागतात. समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांचा एकत्रित वेग सेकंदाला 600 मीटर धरा आणि फेरी चार सेकंदांची धरा: पुन्हा नजर पडेपर्यंत शत्रू 2.4 किलोमीटर जवळ आलेला असतो. एईएसएचा किरण डोळ्याचं पातं लवायच्या आत शेकडो ठिकाणी जाऊन येऊ शकतो. संशयास्पद विमानाकडे पुनःपुन्हा, बाकी आकाशाकडे अधूनमधून, मध्येच जमिनीकडे. वारंवारताही सतत बदलता येते, त्यामुळे त्याला जॅम करणं, म्हणजे शत्रूने आपल्या लहरी सोडून आंधळं करणं, अवघड.

या सगळ्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. अ‍ॅम्प्लिफायरला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन जातो. एकदा चाचणीच्या टेबलावर माझ्यासमोर पंखा अडकला, आणि मी स्विचपर्यंत पोचेपर्यंत ट्रान्झिस्टर गेला होता. तो एकच होता. विमानाच्या चिंचोळ्या नाकात अशी शेकडो मॉड्यूल दाटीवाटीने बसवायची, म्हणून त्यांच्यामागे द्रव खेळवून ती थंड ठेवतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपसाठी गॅलियम आर्सेनाइड या पदार्थाकडून गॅलियम नायट्राइडकडे सगळे वळत आहेत ते याचसाठी: नायट्राइड जास्त तापमान आणि जास्त व्होल्टेज सोसतं आणि तेवढ्याच जागेत जास्त शक्ती देतं. बंगळूरच्या एलआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने तेजससाठी 'उत्तम' हे एईएसए रडार घडवलं, तेव्हा निव्वळ अँटेना नव्हे, तर हा सगळा संसार उभा करावा लागला. मला त्याचं फार कौतुक आहे.

'किती किलोमीटर दिसतं' या आकड्यांवर फार विसंबू नका. बाकी सगळं तेच ठेवून पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती 16 पट लागते. शिवाय पल्ला समोरच्या विमानाच्या आकारावरही ठरतो. मोठं मालवाहू विमान आणि चिमुकलं क्षेपणास्त्र यांच्यासाठी एकच आकडा असूच शकत नाही.

राहिली मोटर. स्थिर तबकडीला एक मर्यादा असते. घोडबंदर रोडवरचं होर्डिंग खूप तिरक्या कोनातून पाहिलं की अरुंद दिसतं, तशीच किरण 60 अंश वळवला की तबकडीची उपयोगी रुंदी निम्मी राहते. त्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. म्हणून स्वीडनच्या ग्रिपेन-ई विमानात एईएसएची तबकडी तिरकी बसवून ती फिरवायला पुन्हा यंत्रणा दिली आहे. त्यामुळे ते रडार दोन्ही बाजूंना सुमारे 100 अंशांपर्यंत पाहतं, आणि क्षेपणास्त्र सोडून विमान वळवलं तरी लक्ष्य नजरेआड होत नाही.