वाचकांचे प्रश्न : उभ्या गाडीचा बेल्टही म्हातारा होतो

ह्या वेळी टायमिंग बेल्टवरच (पिस्टनमुळे फिरणारा क्रँकचा दांडा आणि व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा कॅमचा दांडा ह्यांना जोडणारा दातेरी पट्टा) एवढे प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले. गाड्या वेगवेगळ्या आहेत पण काळजी एकच आहे, आणि ती अगदी रास्त आहे.

प्रश्न : १९८६ ची पोर्शे ९४४ घेतलीय. बेल्ट ९ वर्षांपूर्वी बदलल्याची पावती मिळाली, पण त्यानंतर गाडी जेमतेम ६ हजार किलोमीटर चाललीय. वरचं कव्हर काढून बघितलं तर बेल्ट नवाकोरा दिसतो, त्याच्यावरची अक्षरं पण पुसलेली नाहीत. तरी बदलायचा का?

हो, बदलायचाच. आणि बदलेपर्यंत स्टार्टर मारू नका, गाडी हलवायची असेल तर न्यूट्रलमध्ये टाकून ढकला. बेल्ट म्हणजे रबर आणि आत काचेच्या तंतूंच्या दोऱ्या, आणि रबराला तुम्ही किती किलोमीटर चालवलं ह्याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, उष्णता, हवा आणि वर्षं ह्यांनी ते कडक होत जातं. उलट उभ्या गाडीत बेल्ट त्याच पुलीभोवती त्याच जागी महिनोन्‌महिने वाकून बसलेला असतो. माझ्या स्वतःच्या ९४४ चा ११ वर्षं जुना बेल्ट मी काढल्यावर जपून ठेवलाय, वरून बघाल तर काळाकुळकुळीत, एक ओरखडा नाही, पण दात बाहेरच्या बाजूला येतील असा हलकेच उलटा वाकवला की दाताच्या मुळाशी केसाएवढी भेग उघडते, एका नाही, ओळीने सगळ्या दातांच्या. इंजिनवर बसलेला असताना ती दिसणं शक्यच नव्हतं.

९४४ मध्ये तुटलेला बेल्ट म्हणजे वाकलेले व्हॉल्व्ह. कॅम जागच्या जागी थांबतो, त्या क्षणी काही व्हॉल्व्ह उघडे असतात, आणि क्रँक मात्र फिरतच राहतो, ३००० आरपीएमला प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर येतो, म्हणजे क्लच दाबायला वेळ मिळेल हे विसरा. मी ह्या इंजिनांना ४ वर्षं किंवा ४५ हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, एवढंच धरतो.

आता नुसता बेल्ट बदलून थांबू नका, हे जास्त महत्त्वाचं आहे. ह्या इंजिनात दोन बेल्ट असतात, दुसरा बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा), दोन्ही बाजूंना दात असलेला. तो तुटला तर त्याचे तुकडे टायमिंग बेल्टमध्ये अडकू शकतात, म्हणून दोन्ही एकदमच. वॉटर पंप टायमिंग बेल्टच्याच पाठीवर फिरतो, त्याचं बेअरिंग गेलं किंवा तो गळायला लागला की कूलंट थेट नव्या बेल्टवर. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारा) ह्यांचे रोलर काढून कानाजवळ धरा आणि बोटाने फिरवा. नवं बेअरिंग ग्रीसमुळे जरा जड फिरतं आणि लगेच थांबतं, जुनं सुळकन फिरत राहतं आणि आतून कोरडा खर्रखर्र आवाज येतो. मला तरी आवाज येवो न येवो, बेल्टबरोबर रोलर नवेच लागतात. पुढचे क्रँकचे, कॅमचे आणि बॅलन्स शाफ्टचे ऑइल सील पण ह्याच वेळी, कारण तेल लागलेला बेल्ट फुगतो आणि मऊ पडतो.

प्रश्न : आमचे मेकॅनिक बेल्ट अंगठ्याने पिळून बघतात, ९० अंश फिरला की ताण बरोबर म्हणतात. हे चालतं का? गाडी ९४४ च, १९८८ ची.

अनुभवी हाताचा मी मान राखतो पण ९४४ ला हे पुरत नाही. पोर्शेने ह्या कामासाठी खास ९२०१ नंबरचं मोजायचं टूल काढलं होतं, ते उगाच नव्हे. ताण कमी पडला तर बेल्ट दात सोडतो, जास्त झाला तर घूं असा आवाज येत राहतो आणि वॉटर पंपाचं बेअरिंग अकाली जातं. इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायचं, कारण गरम झाल्यावर इंजिन प्रसरण पावतं आणि बेल्ट जास्त ताणलेला दाखवतो.

तुमच्या गाडीत स्प्रिंगवाला टेन्शनर असणार, १९८७ पासूनच्या मॉडेलमध्ये तो आला. त्याला लोक ऑटोमॅटिक म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. स्प्रिंग फक्त सेट करताना ताण देते, मग बोल्ट आवळला की तो फिक्स झाला, चालत्या गाडीत तो आपोआप काही ॲडजस्ट होत नाही. त्यामुळे नवा बेल्ट दोनतीन हजार किलोमीटर चालून बसला की परत थंड इंजिनवर ताण बघायचाच.

प्रश्न : पहिल्या पिढीतली माझदा एमएक्स-५, १६०० सीसी, १९९० ची. बेल्ट तुटला तर इंजिन जाईल का?

नाही. ह्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना लागत नाहीत, गाडी फक्त बंद पडेल. तरी लाखभर किलोमीटरच्या आत बदलून टाका. तुमच्या गाडीत जास्त लक्ष क्रँकच्या पुढच्या मोठ्या बोल्टकडे द्या. १९९०-९१ च्या सुरुवातीच्या इंजिनांमध्ये क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे, बेल्टच्या कामात तो बोल्ट निघतो आणि परत नीट टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, आवळला नाही तर क्रँकवर पुली अडवून धरणाऱ्या छोट्या खिट्टीची (की) खाच झिजते आणि मग टायमिंगच हलतं. ज्याच्याकडे टॉर्क रेंच (तो जोर मोजून आवळणारा पाना) नसेल त्याला हे काम देऊ नका.

प्रश्न : ओरिजिनल पॅकिंगमधला, न वापरलेला बेल्ट मिळतोय, पण १५ वर्षं पडून आहे. घेऊ का?

नको. पाकिटात पण रबर म्हातारं होतंच, आणि इतकी वर्षं तो कसा घडी करून ठेवला होता कोणाला माहीत. बेल्टला एकदा तीव्र घडी पडली की आतल्या काचेच्या दोऱ्या मोडतात आणि बाहेरून काहीही कळत नाही. ताज्या तारखेचा घ्या, आणि दातांचा आकार तुमच्या पुलीशी जुळतोय ना ते बघा, जुने चौकोनी दात आणि नंतरचे गोल दात एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आणि बसवल्यावर, सगळ्या प्रश्नकर्त्यांनो, प्लग काढून क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने, उलटं फक्त मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच. दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, तेव्हा पुल्यांवरचे जुळवणीचे सगळे मार्क परत जुळले पाहिजेत. मधेच कुठे कडक लागलं तर जोर लावू नका, थांबा, बेल्ट काढा आणि मार्क पहिल्यापासून लावा.