पूल पाडला तर गाड्या जाईन कुठं?

प्रश्न : ताई, मी नागपूरच्या महाल भागात राहतो. माझा भाचा अमेरिकेत सिराक्यूजला असतो, तो सांगत होता का तिथं गावातून जाणारा उंच हायवे पाडून राहिले अन् खालचे रस्ते परत जोडून राहिले. आपल्याकडं तर वर्धा रोडवर, कामठी रोडवर डबल डेकर पूल बांधले, अन् स्टेशनसमोरचा टेकडी गणपतीजवळचा पूल मात्र पाडला. मग बरोबर काय? अन् पूल पाडला तर वरच्या गाड्या जाईन कुठं?

उत्तर : दादा, भाचा बरोबर सांगतो. तो आय-८१ हायवेचा सव्वादोन किलोमीटरचा पूल आहे, १९५०-६०च्या दशकांत कृष्णवर्णीय लोकांची अख्खी वस्ती उठवून बांधलेला. आता खांब-स्लॅब थकले, परत तसाच बांधायचा का काढून टाकायचा असा प्रश्न आला अन् बरीच वर्षं भांडून त्यांनी काढायचं ठरवलं. ज्यांना गावात यायचंच नाही त्या गाड्या बाहेरच्या बायपासनी जातील, आपल्या आऊटर रिंग रोडसारखं समजा, बाकीच्या खालच्या रस्त्यांवर वाटल्या जातील.

अन् गाड्या म्हणजे काही नळाचं पाणी नाही, एक तोटी बंद केली का दुसरीतून तेवढंच येईल असं. कोणी वेळ बदलतं, कोणी रस्ता, कोणी बसनी जातं, कोणी जातच नाही. दक्षिण कोरियाच्या सोलमध्ये २००३ साली चंगेचॉन ओढ्यावरचा एक्सप्रेसवे पाडायला घेतला, तिथून रोज दीड लाखावर गाड्या जायच्या, सगळे म्हणत होते शहर ठप्प होईल, झालं नाही, अन् २००५ मध्ये त्याखाली गाडलेला ५.८ किलोमीटरचा ओढा लोकांसाठी खुला झाला. पण एक गोष्ट लोक सांगायचं विसरतात, मधल्याच वर्षी, २००४ ला, त्यांनी अख्खी बससेवा नव्यानं बसवली, रस्त्याच्या मधोमध बसच्या वेगळ्या लेन काढल्या. ते नसतं केलं तर मला नाही वाटत एवढं सहज जमलं असतं.

आपल्या स्टेशनच्या पुलाची गोष्ट वेगळी, तो म्हातारा नव्हताच, रस्ता सहापदरी करायला पाडला. पुलाखालच्या दुकानदारांचा धंदा गेला ते मला फार लागलं. अन् आता माझी काळजी अशी आहे का रुंद रस्ता फक्त गाड्यांनीच भरला तर डोक्यावर बॅग घेऊन स्टेशनातून निघालेली बाई, चतुर्थीला टेकडीवर जाणारे म्हातारे लोक, हे सहा लेन ओलांडणार कसे? पूल गेल्यावर मोकळी झालेली जागा कोणाला मिळते, मला तर खरं भांडण तेच वाटते, सिराक्यूजमध्येही लोक त्याच जागेसाठी भांडून राहिले.

वर्धा रोडचं म्हणाल तर तिथं खाली रस्ता, मध्ये फ्लायओव्हर, वर मेट्रो, अन् खांब तेच. जागा वाचली हे खरं, पण उद्या पन्नास-साठ वर्षांनी मधला मजला थकला तर तेवढाच काढणं सोपं नाही, मेट्रो त्याच खांबांवर आहे ना.

भाच्याला म्हणा, तिथल्या नव्या रस्त्याचे फोटो पाठव, फुटपाथ किती रुंद ठेवला ते दिसेल असे.