साथीच्या वॉर्डात रुजू होताना

सिस्टर, साथीच्या वॉर्डात पहिल्यांदा ड्यूटी लागल्यावर भीती वाटणे हा दुबळेपणा नव्हे. मला अधिक काळजी वाटते ती काहीच वाटेनासे झालेल्या माणसाची. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि जळगाव-धुळ्यात उन्हाळाही. पीपीई किटमध्ये पाणी न पिता तासन्‌तास उभ्या राहिलेल्या अनेकींची चिडचिड स्वभावाची मानली गेली, पण ती पुष्कळदा तहानेची आणि अपुऱ्या झोपेची होती. म्हणून किट चढवण्यापूर्वी पाणी प्या आणि रात्रपाळीनंतर घरकामाला हात लावण्याआधी झोपा (सासूबाईंना काय वाटेल, हा प्रश्न संध्याकाळपर्यंत थांबू शकतो).

याहून अवघड म्हणजे, खाट किंवा ऑक्सिजन अपुरा पडून रुग्ण गेला, तर तो दोष आपलाच वाटू लागतो. यंत्रणेतील उणिवेचा भार एकटीने वाहू नका. घरी जाण्यापूर्वी त्याच पाळीतील सहकारी सिस्टरशी घडले ते बोला. नातेवाइकांना मृत्यूची बातमी सांगायलाही सुरुवातीला एकट्या जाऊ नका, आणि समोरची माणसे अहिराणी बोलणारी असतील तर ती बोली येणाऱ्या कोणाला तरी सोबत घ्या.

झोप न लागणे, सारखे रडू येणे किंवा ड्यूटीच्या विचारानेच धडधड होणे दोन आठवडे टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा 14416 वर फोन करा. टेलि-मानस ही सरकारी सेवा 2022 पासून विनामूल्य, चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. जीव संपवण्याचा विचार मनात आला, तर मात्र दोन आठवडे थांबू नका, त्याच पाळीत इन्चार्ज सिस्टरांना सांगा.