मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं तरी ब्राउझर उघडत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की घरच्या कॉम्प्युटरवर आउटलुकमध्ये मेल नीट दिसतो, लिंक निळीही दिसते, पण क्लिक केलं की काहीच होत नाही. अधूनमधून 'तुमच्या ऑर्गनायझेशनच्या पॉलिसीमुळे हे करता येत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज येतो. मध्यंतरी तुम्ही क्रोम काढून परत टाकलं होतं, आणि आता कुणीतरी फॉरमॅट मारायला सांगितलंय.

फॉरमॅट मारू नका. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. हे दुखणं माझ्याकडं जास्त करून उद्यमनगरातल्या फाउंड्री आणि मशीनशॉपच्या ऑफिसांतून येतं, कारण तिथं अजून आउटलुकच चालतं. सगळ्यात आधी मी एकच गोष्ट बघतो : बिघाड लिंकमध्ये आहे, विंडोजमध्ये आहे की मेलच्या प्रोग्रॅममध्ये. हे न बघता सेटिंगमध्ये हात घालणारे आणखी घोळ घालून ठेवतात.

लिंकवर राइट क्लिक करून ती कॉपी करा आणि ब्राउझर स्वतः उघडून वरच्या पट्टीत पेस्ट करा. पान उघडलं तर लिंक ठीक, नेटही ठीक. नाही उघडलं, पण बाकीच्या साइट उघडत असतील, तर दोष लिंकचाच. पासवर्ड बदलायच्या लिंकची मुदत संपलेली असते, नाहीतर लिंक मध्येच तुटलेली असते. साध्या मजकुराच्या मेलमध्ये एक ओळ 78 अक्षरांच्या आत ठेवायची जुनी पद्धत आहे. त्यामुळं लांबलचक लिंकचे दोन तुकडे होतात आणि पहिलाच तुकडा निळा होतो. दोन्ही तुकडे नोटपॅडमध्ये जोडून घ्या.

आता तीच लिंक घेऊन कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि 'आर' एकदम दाबा. 'रन'ची छोटी चौकट येईल, तिथं पेस्ट करून एंटर मारा. इथं आउटलुकचा काही संबंधच येत नाही, पत्ता थेट विंडोजकडं जातो. इथूनही ब्राउझर उघडला नाही तर दोष विंडोजच्या नोंदीत. इथून उघडला, पण मेलमधून उघडत नसेल, तर बहुधा मेलच्या बाजूला काहीतरी बिघडलंय.

तुमचं वर्णन वाचून मला पहिला संशय नोंदीचाच येतो. आउटलुक वेबपान स्वतः उघडत नाही. ते विंडोजला पत्ता देतं, आणि विंडोज आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्या सेटिंगच्या नोंदवहीत, बघतं की असले पत्ते कुणाकडं द्यायचे. क्रोम काढलं की कधीकधी तिथं त्याचं नाव तसंच राहतं. भाडेकरू खोली सोडून गेला, दारावरची पाटी तशीच. मग आउटलुकला उत्तर मिळत नाही आणि ते ठरलेला मेसेज तोंडावर फेकतं. घरात कुठली आलीय ऑर्गनायझेशन! पण मशीन खरोखरच कंपनीचं असेल तर मात्र आधी त्यांच्या आयटीवाल्यांना विचारा, कारण तिथं तो मेसेज खराही असू शकतो.

उपाय असा. सेटिंग्ज, त्यात ॲप्स, त्यात डिफॉल्ट ॲप्स. क्रोम आधीच डिफॉल्ट दिसत असलं तरी 'आहे की सगळं बरोबर' म्हणून तिथून परत फिरू नका. आधी एज (मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर) निवडा आणि मग पुन्हा क्रोम निवडा. असं केलं की नोंद नव्यानं लिहिली जाते. विंडोज 11 मध्ये ब्राउझरच्या नावावर गेलात की वरच 'सेट डिफॉल्ट'चं बटण दिसेल. ते दाबून झालं की खाली एचटीएम, एचटीएमएल, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस या चारही ओळींसमोर एकाच ब्राउझरचं नाव आहे का ते डोळ्यांनी बघा. एचटीटीपीला क्रोम आणि एचटीएमएलला भलतंच काहीतरी, असं मी कितीदा तरी पाहिलंय. मग आउटलुक पूर्ण बंद करून परत उघडा.

तरीही तोच मेसेज आला तर रजिस्ट्री. आधी तिचा बॅकअप एक्सपोर्ट करून ठेवा, हे विसरायचं नाही. करंट यूजरखाली सॉफ्टवेअर, त्यात क्लासेस, तिथं डॉट एचटीएमएल. त्याच्या डिफॉल्टसमोर क्रोमएचटीएमएल असं काही असेल तर ते काढून इंग्रजीत सलग, लहान अक्षरांत 'एचटीएमएलफाइल' लिहायचं. डॉट एचटीएमचंही तसंच. हात थरथरत असेल तर ही पायरी जाणकाराकडून करून घ्या.

तुमचं मायक्रोसॉफ्ट 365 असेल आणि लिंक उघडते पण क्रोमऐवजी एजमध्येच जाते, असं असेल तर तो बिघाडच नाही. मायक्रोसॉफ्टनं 2023 मध्ये आउटलुकला तसं वळण लावलं. आउटलुकच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली 'लिंक हँडलिंग' आहे, तिथं डिफॉल्ट ब्राउझर निवडा. न विचारता घरातलं सामान हलवणाऱ्या पाहुण्यासारखं वागणं आहे हे, मला तरी पटलेलं नाही.

'रन'मधून उघडतंय आणि फक्त आउटलुकमधूनच नाही, तर त्याला सेफ मोडमध्ये चालवून बघा. तिथं चाललं की एखादं ॲड-इन, म्हणजे आउटलुकला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम, आडवं येतंय. नाही चाललं तर मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं क्विक रिपेअर करा. मेल ब्राउझरमधल्या जीमेलवरच बघत असाल तर वरचं काहीच लागू नाही. इन्कॉग्निटोमध्ये लॉगिन करून तीच लिंक दाबा. तिथं उघडली तर बहुतेक ब्राउझरला जोडलेलं एखादं एक्स्टेन्शन अडवतंय.

फॉरमॅटबद्दल एवढा का चिडतो, तेही सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा एका फाउंड्रीच्या ऑफिसात अगदी हाच प्रॉब्लेम होता. पुण्याच्या एका कंपनीची पर्चेस ऑर्डर लिंकवर यायची आणि ती उघडेना. अकाउंटंट ताई म्हणाल्या, "दादा, आज ऑर्डर बघितली नाही तर उद्या मालक मला बघतील." मी रुबाबात फॉरमॅट मारला. लिंक उघडली, उघडणारच की, सगळं कोरंच झालेलं. पण त्यांचं पॉप खातं होतं. मेल सर्व्हरवरून उतरवून त्याच मशीनवर ठेवले जायचे, आणि ते सगळे मेल असलेली पीएसटी फाइल डॉक्युमेंट्समध्ये आउटलुक फाइल्स नावाच्या फोल्डरात पडलेली. माझ्या बॅकअपमध्ये टॅली होतं, हे फोल्डर नव्हतं. चार वर्षांचा पत्रव्यवहार गेला. ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या रिकाम्या इनबॉक्सकडं बघत राहिल्या. त्या दिवसापासून मी 'रन'ची चौकट आधी उघडतो.

अजून एक. मेल जंक फोल्डरमध्ये पडला असेल तर आउटलुक त्यातल्या लिंक मुद्दाम बंद ठेवतं, तिथं दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं. गेल्या उन्हाळ्यात एक काका आले होते. बँकेच्या केवायसीची लिंक उघडत नाही, मशीन बिघडलंय म्हणून. लिंकवर माउस नुसता नेऊन ठेवला तर बँकेच्या नावाऐवजी कसलातरी विचित्र पत्ता दिसला. काका ऐकायला तयार नव्हते, "अहो, खातं बंद होईल की!" शेवटी त्यांना पासबुकावरच्या शाखेच्या नंबरवर फोन लावायला लावला. तिथून कळलं की असला मेल पाठवलेलाच नाही. फसवणूक होऊन पैसे गेलेच असते तर 1930 वर फोन करायला लागला असता. काकांनी मेल माझ्यासमोरच डिलीट केला आणि जाता जाता विचारलं, "मग मशीन चांगलंच आहे म्हणायचं?"