पोटात का ढवळतं?

प्रश्न : मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात कामाला आहे. दिवाळीला बोनस इतरांपेक्षा कमी हातावर टेकवला, तेव्हा पोटात अक्षरशः ढवळलं. सोबतच्या हमालाचे पैसे कापले तेव्हाही राग आला, पण एवढा नाही. असं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ढवळणं खरंच होतं, मनाचे खेळ नव्हेत. 2003 सालच्या एका प्रयोगातल्या खेळात एक जण 10 डॉलरची वाटणी सुचवे, दुसरा ती घ्यायची की नाकारायची ते ठरवे. नाकारली तर दोघांनाही शून्य. दुसऱ्याच्या वाट्याला 1-2 डॉलरच आले की त्याच्या मेंदूतल्या इन्सुलाचा पुढचा भाग जास्त सक्रिय होई. किळस आणि पोटातल्या संवेदना टिपणारा हाच भाग! तीच वाटणी कॉम्प्युटरने केली, तर प्रतिसाद सौम्य. म्हणजे झोंबतं ते माणसाचं वागणं, नुसता तोटा नव्हे.

दुसऱ्यावरच्या अन्यायानेही इन्सुला जागा होतो. स्वतःवर आलं की कपाळामागचा मधला भागही सामील होतो. तुम्हाला जाणवलेला फरक बहुधा तिथला.

पाकीट लगेच परत फेकू नका. अशाच खेळात 10 मिनिटं थांबवल्यावर नकार बरेच घटले. पण थांबणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, हे आवर्जून सांगतो. हजेरीचे दिवस आणि गेल्या वर्षीची रक्कम कागदावर मांडा, मग शेठजींना एवढंच विचारा : बोनस कशावर ठरवला?