‘मकोका लावा’ म्हटल्यावर पुढे काय होते? वाचकांचे प्रश्न

पुण्यातल्या कोयता गँगचा विषय सध्या कोणत्याच पक्षाच्या भाषणातून सुटत नाही. ‘ठेचून काढू’, ‘मकोका लावू’, ‘धिंड काढू’ ही आश्वासने ऐकून वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरे.

प्रश्न : आमच्या भागातले सगळ्याच पक्षांचे पुढारी म्हणतात, गाड्या फोडणाऱ्या पोरांवर मकोका लावा. मग पोलिस लावत का नाहीत? (सिंहगड रोड)

पोलिस लावतात, पण मागणी झाली म्हणून मकोका, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, लागत नाही. हा कायदा 1999 साली मुंबईतल्या टोळीयुद्धाच्या काळात आला आणि त्याचा सगळा रोख टोळीवर आहे. गेल्या 10 वर्षांत त्या टोळीविरुद्ध एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल झालेली असावी लागतात. ते गुन्हे 3 वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेचे असावे लागतात आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. नुसते एफआयआर कितीही असले तरी चालत नाहीत. मात्र टोळीत नव्याने आलेल्या प्रत्येक पोराच्या नावावर दोन जुने गुन्हे हवेत, असा जो समज आहे तो चुकीचा. मोजणी टोळीची होते. तो पोरगा टोळीचा भाग होता आणि ताजा गुन्हा टोळीच्या फायद्यासाठी किंवा वर्चस्वासाठी झाला, हे मात्र दाखवावे लागते.

कलम लावण्याआधी शहरात अपर पोलिस आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तपास सहायक आयुक्त किंवा त्याहून वरचा अधिकारी करतो. न्यायालयाने दखल घेण्यासाठी अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची वेगळी मंजुरी लागते. फाइल बहुतेक वेळा याच दोन टप्प्यांवर अडकते. टोळीप्रमुख कोण, कोणत्या गुन्ह्यात कोण कोणाबरोबर होता, याचा तक्ता कच्चा असेल तर प्रस्ताव परत येतो, किंवा मंजूर होऊन पुढे न्यायालयात पडतो.

दोषारोपपत्रासाठी 180 दिवस मिळतात हे खरे, पण ते आपोआप नाही. 90 दिवस संपण्याआधी सरकारी वकिलाने तपास कुठवर आला आणि आरोपीला आत ठेवण्याची गरज काय, हे सांगणारा स्वतःचा अहवाल द्यावा लागतो. त्याने तपास अधिकाऱ्याच्या पत्रावर नुसती सही ठोकली आणि बचावपक्षाने ते बरोबर पकडले, तर मुदतवाढ धोक्यात येते, आणि ती गेली की दोषारोपपत्र वेळेत आले नाही म्हणून आरोपीला जामीन मागता येतो. मग ज्याच्यावर मकोका लावल्याचे फ्लेक्स लागले तोच जामिनावर बाहेर.

प्रश्न : हातात कोयता सापडूनही दुसऱ्या दिवशी पोरगा चौकात दिसतो. असे कसे? (हडपसर)

शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात, पण घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. आता ऊसतोडीचा कोयता हे शेतीचेच अवजार. बचावाचा पहिला मुद्दा तोच असतो. म्हणून पंचनाम्यात ‘एक लोखंडी कोयता’ एवढे लिहून भागत नाही. पात्याची लांबी-रुंदी, मूठ केवढी, धार एका बाजूला की दोन्ही, आणि मुख्य म्हणजे रात्री कुठे, कशा अवस्थेत सापडला, हे सगळे लागते. लांब मुठीचे पालघन (कोयत्यासारखे हत्यार) असेल तर ऊसतोडीचा बचाव टिकणे अवघड.

जोडीला महाराष्ट्र पोलिस अधिनियमाचे कलम 37(1) सह 135 लावतात. त्यासाठी त्या दिवशी आयुक्तांचा मनाई आदेश लागू असावा लागतो आणि त्याची प्रत कागदपत्रांत हवी. हे आदेश थोड्या थोड्या दिवसांसाठी निघतात. आदेश संपला आणि नवा निघाला नाही, अशा मधल्या दिवशीची कारवाई हमखास पडते. शिवाय 7 वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची, याची लेखी कारणे द्यावी लागतात. ती नसतील तर नोटीस देऊन सोडणे आले.

प्रश्न : तडीपार केलेला गुंड वस्तीतच राहतो. तक्रार कुठे करायची? (पिंपरी)

112 वर. फोनवर ‘तडीपार असूनही हद्दीत आहे’ हे शब्द वापरा आणि नेमकी जागा सांगा. आदेश मोडणे हा महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम 142 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. तडीपारी जास्तीत जास्त 2 वर्षांची, पण दर वेळी सरसकट 2 वर्षे लिहिणे महागात पडते : पूर्ण मुदत का हवी याची कारणे आदेशात दिसली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली जालन्याच्या एका प्रकरणात बजावले. जुनाट गुन्हे आणि निर्दोष सुटलेले खटले मोजून केलेले आदेशही रद्द होतात. तडीपारीने भागले नाही तर एमपीडीए या धोकादायक गुंडांविरुद्धच्या कायद्याखाली एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. तो आदेश शासनाने 12 दिवसांत मंजूर केला नाही तर आपोआप संपतो.

प्रश्न : ज्या चौकात दहशत माजवली त्याच चौकात धिंड काढली, तर बिघडले कुठे? (कोथरूड)

खटल्यात बिघडते. साक्षीदार आरोपीला आधीपासून ओळखत नसेल, तर कारागृहात ओळख परेड होते. त्यासाठीच आरोपीला तोंड झाकून नेतात. तुम्ही त्याला भर चौकात फिरवले, त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर गेला, की वकील साक्षीदाराला एकच प्रश्न विचारतो : ‘तुम्ही याला व्हिडिओत पाहिले होते ना?’ परेडची किंमत तिथेच संपते. घटनास्थळी पंचनाम्यासाठी आरोपीला नेणे कायदेशीर आहे, आणि बहुतेक धिंडी कागदावर तशाच दाखवतात. आरोपीचा मानभंग बेकायदा आहे हा मुद्दा आहेच, पण टाळ्या वाजवणाऱ्यांना निदान हा तोटा तरी कळावा.

प्रश्न : सतरा वर्षांच्या मुलाने वार केले. त्याला सज्ञान समजून खटला का चालत नाही? (येरवडा)

खून असेल तर चालू शकतो. बाल न्याय मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करते. खुनाचा प्रयत्न असेल तर नाही. सज्ञान समजून खटला फक्त ‘निर्घृण’ गुन्ह्यात चालू शकतो. ‘निर्घृण’ गुन्हा म्हणजे ज्याला किमान शिक्षाच 7 वर्षांची आहे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली लावला, आणि खुनाच्या प्रयत्नाला अशी किमान शिक्षा नाही. टोळ्यांना हे नीट ठाऊक असते. कोयता सोळा-सतराच्या पोराच्या हातात का असतो, याचे हे एक कारण. हे बदलायचे तर संसदेत. पोलिस आयुक्तांच्या हातात ते नाही.

प्रश्न : मग आमदाराकडे मागायचे तरी काय? (वाघोली)

2024 साली पुण्यात सात नवी पोलिस ठाणी झाली, वाघोलीचे त्यांपैकीच एक. ठाण्याची पाटी लागते तेव्हा मनुष्यबळ बरेचदा जुन्याच ठाण्यांतून वळवलेले असते. म्हणून आमदारांना तारांकित प्रश्न विचारायला लावा : आमच्या ठाण्यात मंजूर पदे किती, भरलेली किती, रात्रपाळीला गस्तीवर किती? न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेकडे आमच्या ठाण्याचे किती अहवाल अडकलेत? एमपीडीएचे किती आदेश ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळाने किंवा उच्च न्यायालयाने रद्द केले, आणि कशामुळे? ‘कडक कारवाई’च्या घोषणेला टाळ्या मिळतात, या आकड्यांना मिळत नाहीत, म्हणून ते कोणी मागत नाही.

जिल्हा नियोजनाच्या निधीतून कॅमेरे मागत असाल तर देखभालीचा करारही मागा. सोसायटीचे कॅमेरे असतील तर डीव्हीआरचे (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे) घड्याळ महिन्यातून एकदा मोबाइलच्या वेळेशी जुळवा. घटना घडली की चित्रण लगेच पोलिसांना द्या, कारण डिस्क भरली की जुने पुसले जाते. चित्रणासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) चे प्रमाणपत्र लागते. त्यात हॅश मूल्य (फाइलची डिजिटल ओळख) असते, भाग ‘अ’ यंत्र सांभाळणाऱ्याने आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो. सोसायटीच्या सचिवांनी पेन ड्राइव्ह देऊन मोकळे होऊ नये. आपल्याकडून कोणता भाग हवा ते तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी विचारावे.