‘टी कॅडी’ला मराठीत काय म्हणावे, आणि तिच्यावरची नक्षी ‘कोरीव’ की ‘उठावाची’?

प्रश्न असा आहे : अठराव्या शतकातील एका इंग्रजी ‘टी कॅडी’चे, म्हणजे कोरडी चहापत्ती ठेवण्याच्या डबीचे, वर्णन मराठीत लिहिताना ‘पुरातन चांदीची नक्षीदार चहादाणी’ असा शब्दप्रयोग केला, तर तो योग्य ठरेल का? माझ्या मते यातील एकही विशेषण चुकीचे म्हणता येणार नाही, परंतु वस्तू नेमकी कोणती आणि तिच्यावर काम कसले, हे त्यातून वाचकाला कळत नाही.

‘चहादाणी’पासून सुरुवात करू. अत्तरदाणी, फुलदाणी, पिकदाणी या शब्दांतील फारसी ‘दान’ प्रत्ययाचा अर्थ ‘ठेवण्याचे पात्र’ असा असल्यामुळे व्युत्पत्तीने हा शब्द कॅडीला चपखल बसतो. मात्र मराठीत चहादाणी म्हटले की तोटी असलेले, तयार चहा ओतण्याचे भांडे डोळ्यांपुढे येते, आणि रूढी व व्युत्पत्ती यांच्यात विरोध आला तर रूढीचेच ऐकावे लागते. कॅडीत कोरडी पत्ती असते. म्हणून ‘चहापत्तीची डबी’ किंवा आकार मोठा असेल तर ‘डबा’ हेच मला सरळ वाटते. ‘पेटी’ हा शब्द राखून ठेवावा, कारण असे दोन-तीन डबे एकत्र ठेवण्यासाठी कुलपाची लाकडी पेटी वेगळी असे. चहा त्या काळी फार महाग होता. 1784 च्या कायद्याने इंग्लंडमधील चहावरचा कर 119 टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला, यावरून आधीच्या कुलपांचे कारण समजते.

‘कॅडी’ हा शब्द मलय भाषेतील ‘काटी’ या सुमारे 600 ग्रॅमच्या वजनावरून आला आहे. आपल्या वीस मणांच्या ‘खंडी’वरून इंग्रजीत ‘कँडी’ हे वजन गेले, ते निराळे. उच्चारसाम्यामुळे दोन्हींची गल्लत होऊ शकते.

आता नक्षीकडे वळू, कारण खरी अडचण तिथेच आहे. मुळात अरबी असलेला आणि फारसीमार्गे आलेला ‘नक्षी’ हा शब्द आकृतीविषयी सांगतो, कृतीविषयी नाही. कारागिराने टोकदार कोरणीने धातूचा बारीक तंतू काढून टाकला असेल, तर ते ‘कोरीव काम’. दात कोरणे, कान कोरणे या प्रयोगांतही आतले काहीतरी बाहेर काढणे हाच अर्थ आहे, त्यामुळे हा शब्द येथे अगदी नेमका बसतो. पत्र्याच्या मागून ठोकून फुले-पाने वर आणली असतील, तर ते ‘उठावाचे काम’. तिसरा प्रकार फसवा आहे : बोथट छिन्नीने समोरून ठोकत रेघ दाबलेली असते, धातू सरकतो पण निघत नाही, आणि दुरून ते कोरल्यासारखेच दिसते. डबीच्या आतून पाहिल्यास दाबलेल्या रेघेची खूण बहुधा उमटलेली सापडते. कोरलेल्या रेघेची सहसा सापडत नाही. या प्रकाराला रूढ नाव शोधत बसण्यापेक्षा ‘ठोकून दाबलेली नक्षी’ असे सरळ लिहावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिरपे काप देऊन कोरण्याची पद्धत लोकप्रिय झाली, ज्यात प्रत्येक काप प्रकाश परतवून चमकतो; तिला ‘चमकत्या कापांचे कोरीव काम’ म्हणता येईल.

‘पुरातन’ मात्र गाळावे. तो शब्द मनाला फार मागे, लेण्यांच्या आणि ताम्रपटांच्या काळात नेतो. ‘अठराव्या शतकातील’ एवढे पुरेसे आहे. शिवाय वरील शब्दरचनेत ‘पुरातन’ डबीला लागते की चांदीला, हेही संदिग्ध राहते. मी असे लिहीन : ‘अठराव्या शतकातील, चहापत्ती ठेवण्याची चांदीची डबी, झाकणावर कोरीव वेलबुट्टी आणि दर्शनी बाजूस मालकाचे कोरलेले कुलचिन्ह.’ कुलचिन्हाच्या जागी पत्रा आजूबाजूपेक्षा पातळ लागला, तर ‘पुन्हा कोरलेले’ असे लिहिण्याचा विचार करावा, कारण कोरलेली खूण घालवायची तर भोवतालची चांदी घासून काढावी लागते, आणि वस्तू नव्या मालकाकडे गेल्यावर जुने चिन्ह घासून त्याच जागी नवे कोरून घेतले जाई.